सरांचा मासा का सुटतो

पहिला मासा सुटला तेव्हा नानासाहेबांनी वाऱ्याला दोष दिला. दुसरा सुटला तेव्हा गळाला. तिसरा सुटला तेव्हा होणारे व्याही शेजारीच बसले होते आणि ते काहीच बोलले नाहीत. त्यामुळं दोष ठेवायला नानासाहेबांशिवाय कुणी उरलं नाही.

हे घडलं रत्नागिरीकडच्या एका खाडीत, होडीत बसून. मराठवाड्यातल्या उमरग्याचा माणूस खाडीत कशाला गेला, तर लेकीच्या लग्नाची बोलणी करायला. वृषाली पुण्यात नोकरीला. तिथंच काम करणारा बुद्धघोष तिनं पसंत केलेला, आणि बुद्धघोष कोकणातला. दोघांचं ठरलं होतं, थोरांचं ठरायचं होतं. मुलाचे वडील काशीराम बंदरावरच्या नोकरीतून निवृत्त झालेले आणि बोलायला कमी. "बोलनी करायला आलाव ना? मंग चला पान्यात," म्हणाले आणि त्यांनी नानासाहेबांच्या हातात रिळाची काठी दिली.

दोऱ्याला एक पत्ती होती. पत्ती म्हणजे बोटाएवढी, माशाच्या आकाराची धातूची चकती. पाठीवरच्या भोकात दोरा, पोटाखाली आणि शेपटीला तीन-तीन काट्यांचे गळ. आळी नाही, पीठ नाही. पाण्यात सोडायची, तळाला टेकली की काठी हलकेच उचलायची. पत्ती थरथरते, मोठ्या माशाला वाटतं कुणी लहान मासा घाबरून पळतोय, आणि तो तोंड मारतो.

"मासा लागनं काय विशेष नाय," काशीराम म्हणाले, "लागलेला ऱ्हायला पायजे. पत्ती जड असते. दोरा जरा सैल पडला की मासा मुंडी झटकतो, नि त्या वजनानंच गळ भिरकावून देतो. ताण सोडू नका. बस."

आता नानासाहेब भूगोलाचे शिक्षक. उभ्या नोकरीत त्यांनी निळ्या खडूनं फळ्यावर शेकडो खाड्या काढल्या, खरी आज पाहत होते, आणि ती निळी नव्हती. या धक्क्यातून सावरत त्यांनी पत्ती सोडली, काठी उचलली, आणि दंडापर्यंत वीज गेली, त्यांनी रीळ फिरवलं, पाण्यात लालसर पाठ चमकली, तांबोशी, चांगली हातभर, होडीपासून फार तर

"जय भीम, पावनं!" शेजारून जाणाऱ्या होडीतून कुणीतरी म्हणालं.

तर तो मासा सुटला. दुसरा त्याहून मोठा होता, त्यानं दोरा खोल ओढला, काशीराम जाळी घेऊन उभे राहिले, "येतोय, येतोय" म्हणाले, आणि माशाचं तोंड पाण्याच्या वर येता येता

"नमस्कार हो! उमरग्याचे ना?" धक्क्यावरून हाक आली.

तोही गेला. तिसऱ्याचं सांगण्यात अर्थ नाही.

परतताना काशीराम म्हणाले, "मासा लागतो तुमाला. ऱ्हात नाय." होडी धक्क्याकडं वळवली. मग, "तुमचा गाव लांब. सोयरीक म्हंजे येनंजानं आलं. तितं पानी नाय, मासा नाय. आमी येऊन करनार काय?"

हे मात्र लागलं. माशाचं एक वेळ सोडा, पण गावाचं? "आमच्याकडं तलाव आहे," नानासाहेब ताठ बसत म्हणाले. "या एकदा. माझ्या हातानं धरलेला मासा तुम्हाला जेवायला वाढतो."

"बरं, येतो," काशीराम म्हणाले. "मंग बघू."

परतीच्या गाडीत वृषाली म्हणाली, "बाबा, तुम्ही साडी कबूल करायची, मानपान कबूल करायचा. मासा कशाला कबूल केलात? आता तो मासा निघेपर्यंत माझं लग्न 'मंग बघू'!"

*

उमरग्यात अशी बातमी लपत नाही, कारण नानासाहेबांच्या शेजारी रेवणप्पा राहतात. रेवणप्पांचं खताचं दुकान आहे. जन्मात मासा खाल्ला नाही, एवढंच काय, शेजारी मासा तळला तर ते खिडकी लावून घेतात आणि मग फट ठेवून विचारतात, "कोणता हाय?" सगळ्यात जास्त सल्ले त्यांचेच.

"सर, लागला की जोरात हिसका द्यायचा."

"त्यानं तोंड फाटतं, रेवणप्पा."

"मग हळू द्यायचा."

कोपऱ्यावरच्या ट्रकवाल्यानं ताडपत्री बांधायचा दोर देऊ केला. त्याच्या मते दोराच कमकुवत होता. हायवेवरच्या डॉक्टरांनी हाताची पकड तपासली, सरांकडून फी कशी घ्यायची म्हणून घेतली नाही आणि कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. पुण्याहून बुद्धघोष व्हिडिओ पाठवत होता. त्यातल्या एकात गोरा माणूस कुठल्याशा खाडीत उभा राहून माशामागून मासा काढत होता आणि प्रत्येक माशाचा मुका घेत होता. राजेश्वरीबाईंनी तो एकदाच पाहिला आणि नवऱ्याला निक्षून सांगितलं, "तेवढं करू नका."

मग परवानगी. तलाव पाटबंधाऱ्याचा. तिथला साहेब म्हणाला, "पाणी आमचं. मासे आमचे नाहीत." माशांच्या कार्यालयात कळलं, मासे त्यांचे, पण धरायचा ठेका मच्छीमारांच्या संस्थेला. या प्रवासाला दिवस लागले, कारण प्रत्येक टेबलामागं नानासाहेबांचा विद्यार्थी निघायचा. विद्यार्थी आधी उठून उभा राहतो, मग चहा मागवतो, मग 'सर, मला तुम्ही नकाशात श्रीलंका विसरलो म्हणून उभं केलं होतं' ही आठवण काढतो, आणि तेवढ्यात जेवणाची सुट्टी होते. अनोळखी माणसाचं काम एखाद्या वेळी झालंही असतं.

संस्थेचे अध्यक्ष धुळाप्पा. त्यांनी पत्ती हातात घेतली, उलटसुलट केली, आणि कार्यकारिणीसमोर ठेवली.

"सर, गळाला आळी लावत्यात. तुमी नुसतं लोखंडच टाकायलाव. हे मासेमारीत बसतंय का?"

एका सदस्याला संशय होता की सर पाण्यात काहीतरी शोधतायत. दुसरा म्हणाला, परवानगी एकाला दिली की सगळे मागतील. चर्चा लांबली. शेवटी धुळाप्पांनी निकाल दिला, "हे बघा, सरांचा लागलेला मासा सुटतोय हे सगळ्या गावाला म्हाईत हाय. सुटलेला मासा संस्थेचाच ऱ्हातोय. मग हरकत कशाची?"

ठराव एकमतानं मंजूर झाला. नानासाहेबांना परवानगी मिळाली, आणि ती ज्या कारणानं मिळाली ते ऐकून त्यांना घरी दोन वेळा गूळ-पाणी घ्यावं लागलं.

*

तलावाला जिथं ओढा मिळतो तिथं पाणी गढूळ, काठाला बेशरमाची झुडपं, आणि खाली मरळ मासे दबा धरून. रेवणप्पा त्या जागेला 'सरांची खाडी' म्हणू लागले. नानासाहेबांनी लगेच दुरुस्ती केली: भरती-ओहोटी असल्याशिवाय खाडी म्हणता येत नाही. त्यावर रेवणप्पा म्हणाले, पाटबंधाऱ्यानं कालव्याचं दार उघडलं की पाणी उतरतं आणि लावलं की चढतं, मग अजून काय पाहिजे? नानासाहेबांनी दुरुस्ती मागं घेतली. शिक्षकाच्या आयुष्यात असे दिवस येतात.

तंत्रात त्यांनी कसर ठेवली नाही. काठी टोकाला मऊ असलेली आणली, म्हणजे माशाचा झटका काठी पिते. जाड गळ काढून बारीक, धारदार लावले. रिळाचा ब्रेक थोडा सैल ठेवला, म्हणजे मरळ पळाली तर दोरा जाईल पण ताण राहील. काठीचं टोक खाली, पाण्यालगत, म्हणजे ती उसळी मारणार नाही. सगळं गोऱ्या माणसाप्रमाणं, मुका सोडून.

आणि मरळ लागली. पहिल्याच सकाळी लागली, बेशरमाकडं पळाली, नानासाहेबांनी तिला वळवली, न हिसकता, एका लयीत रीळ फिरवत, ती काळी पाठ आता काठापासून

"राम राम, सर!" म्हशीमागून जाणारा बजरंग म्हणाला.

गेली. दुसऱ्या दिवशी लागली ती पिवळट पोटाची, दांडगी, तिनं दोनदा तळ गाठला, दोनदा वर आली, नानासाहेबांनी श्वास धरला, आता फक्त हात लांब करून

"सलाम वालेकुम, सर! वळखलं का?" मोटारसायकल थांबली होती.

ओळखलं. दहावी ब. मरळ गेली.

*

"आता म्या मासा होतो," रेवणप्पा म्हणाले.

हे कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवर, भर सकाळी. कल्पना अशी होती की पाण्यात काय घडतं ते माशाशिवाय कुणाला दिसत नाही, तेव्हा माशाच्या जागी एक समजूतदार माणूस हवा. पत्तीचे गळ काढले. रेवणप्पांनी ती दोन बोटांत हलकेच धरली. दातात धरायची त्यांची तयारी होती, पण कवळीची हमी कुणी घेईना. नियम एकच: दोऱ्याला ताण असेपर्यंत धरून ठेवायचं, सैल पडला की सोडायचं.

"कोणता मासा होऊ?"

"मरळ व्हा."

"ती कशी पळते?"

"आडवी."

रेवणप्पा धोतर सावरून आडवे पळाले. ज्या माणसानं जन्मभर माशाकडं पाहून तोंड फिरवलं, तो प्लॉटभर मुंडी झटकत धावत होता आणि मधूनमधून "सर, आता उसळी!" असं आगाऊ कळवत होता. नानासाहेब काठी खाली धरून शांतपणे रीळ फिरवत होते. मासा छान येत होता. सगळं अंतर आटोक्यात आलं. तेवढ्यात रस्त्यावरून दूधवाला म्हणाला, "नमस्कार, सर!"

रेवणप्पांच्या हातातून पत्ती पडली.

"पुन्हा," नानासाहेब म्हणाले.

पुन्हा पळणं, पुन्हा मुंडी, पुन्हा जवळ. शाळेला निघालेल्या दोन मुलींनी "जय भीम, सर" म्हटलं. पत्ती पडली.

रेवणप्पा धापा टाकत तिथंच मातीत बसले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"सर, तुमी नमस्कार केला की म्या सुटतोय."

"काय?"

"कुणी नमस्कार केला की तुमी काठी काखेत मारून दोनी हात जोडताव. तवा दोरा सैल पडतोय. म्या स्वता मासा हाय, मला कळंना का?"

नानासाहेब उभेच राहिले. बजरंग, मोटारसायकल, धक्क्यावरची हाक, शेजारची होडी. एकेक मासा डोळ्यांपुढून गेला, प्रत्येकाच्या मागं एक माणूस हात जोडून उभा.

"मग नका जोडू," रेवणप्पा म्हणाले. "तेवढं सोपं हाय."

सोपं नव्हतं. नानासाहेबांचे वडील तामलवाडीकडं दुसऱ्यांच्या रानात राबले. वाटेनं जाताना ते सगळ्यांना हात जोडायचे. त्यांना उलट कुणी हात जोडल्याचं नानासाहेबांनी कधी पाहिलं नाही. समोरचा एक तर पुढं निघून जायचा, नाहीतर कामाचं बोलायचा. पुढं नानासाहेब शाळेत लागले आणि एका मुलाचा बाप फाटकाशी टोपी काढून म्हणाला, "नमस्कार, सर." त्या दिवसापासून राम राम असो, सलाम असो, जय भीम असो, आलेला एकही नमस्कार त्यांनी रिकामा परत पाठवला नव्हता. दोन्ही हातांनी, पूर्ण.

हे त्यांनी रेवणप्पांना तिथंच मातीत बसून सांगितलं. रेवणप्पांनी पत्तीवरची धूळ धोतरानं पुसली.

"मग मासाच सोडा, सर. पोरीच्या सासऱ्याला सांगा, जमत न्हाय."

"ते म्हणतील, मंग बघू."

घरी राजेश्वरीबाई भाकरी थापत होत्या. दोघांचं ऐकून घेत त्यांनी पिठाचा हात वर केला. "भाकरी तव्यावर असताना तुमचे हेडमास्तर आले होते. मी काय केलं? 'या सर, बसा' म्हणाले. हात पिठातच होते. ते रागावले? उलट दोन भाकरी जास्त खाल्ल्या. हात गुंतलेले असले की तोंडानं मान द्यायचा. मान तोच असतो."

तेव्हापासून रोज सकाळी प्लॉटवर सराव. मासा रेवणप्पा, रस्त्यानं जाणारी-येणारी माणसं राजेश्वरीबाई. "नमस्कार, सर!" म्हणत त्या फेऱ्या मारायच्या आणि नानासाहेब हात न उचलता "नमस्कार, बाई" म्हणायचे. आधी हात आपोआप उठायचे. मग अर्धे उठायचे. मग नुसती करंगळी. एक दिवस करंगळीही उठली नाही आणि रेवणप्पा थेट पायाशी येऊन पडले. तिघांनी टाळ्या वाजवल्या. धरलेल्या माशालाही टाळ्या वाजवता येतात, हा प्लॉटवरच्या सरावाचा एक फायदा.

*

काशीराम आणि विहीणबाई रविवारी जेवायला येणार होते, पुण्याहून वृषाली आणि बुद्धघोषही. बेत असा की पहाटेच तलावावर जायचं, मरळ काढायची, अंघोळ करून इस्त्रीचा सदरा घालायचा आणि दारात उभं राहायचं. व्याही हा साधा पाहुणा नव्हे. त्याला तोंडानं मान चालत नाही. त्याला सामोरं जायचं, हात जोडायचे, गळाभेट घ्यायची, पायावर पाणी द्यायचं. त्यात चूक झाली तर ती दोन पिढ्या सांगितली जाते.

पण मरळ लागेना. उन्हं वर आली. एक वाजत आला तरी नानासाहेब गुडघाभर पाण्यात, जुनी विजार दुमडून, डोक्याला पंचा, जाळी काठावर पडलेली. पाहुणे वेळेवर पोचले, आणि सर घरी नाहीत म्हटल्यावर रेवणप्पा उत्साहानं गाडीत बसून सगळ्यांना तलावावरच घेऊन आले. आणि गाडीचं दार वाजलं त्याच क्षणी काठी वाकली, अशी वाकली की टोक पाण्यात गेलं, नानासाहेबांनी मनगट वळवून काठी आडवी घेतली, मरळ बेशरमाकडं निघाली, ब्रेक कुरकुरला, दोरा गेला पण सैल पडला नाही, "राम राम, सर!" बजरंगच्या म्हशी आल्या होत्या, "राम राम, बजरंग," म्हणत नानासाहेबांनी रीळ फिरवतच ठेवलं, मरळ वर आली, मुंडी झटकली, पत्ती उन्हात चमकली पण तोंडातच राहिली, आणि मागून काठावरचा चिखल तुडवत येणारी पावलं ऐकू आली, खास करकरणाऱ्या नव्या बुटांची, आणि "जय भीम, नानासाहेब," काशीरामांचा आवाज, दोन्ही हात जोडलेले असणार, बघायचीही गरज नव्हती, आणि नानासाहेबांच्या दोन्ही खांद्यांतून काहीतरी वर उठू लागलं, सगळी नोकरी, फाटकाशी काढलेली ती टोपी, वाटेवर उभे राहिलेले वडील, सगळं हातांत जमा झालं, आणि नानासाहेब पाठमोरेच, घसा फाडून ओरडले, "जय भीम! हात गुंतलेत हो! या, या, बसा!" आणि रिळाचा फेरा चुकला नाही.

करकरणारे बूट जागीच थांबले. बूट असे थांबले की सोयरीक मोडते.

"पाठ करून बोलले," विहीणबाईंचा आवाज आला.

"थांब," काशीराम म्हणाले. ते दोऱ्याकडं बघत होते. पाण्यापासून काठीच्या टोकापर्यंत तो सतारीच्या तारेसारखा ताठ होता. त्यांनी खाली पडलेली जाळी उचलली आणि नव्या बुटांसकट, इस्त्रीच्या पँटीसकट पाण्यात उतरले.

"टोक खाली! आणखी खाली! घाई नाय, घाई नाय!"

"घाई कोण करतंय!"

"डावीकडं घेतेय ती!"

"दिसतंय मला!"

दोन होणारे व्याही गढूळ पाण्यात एकमेकांवर ओरडत होते आणि काठावर रेवणप्पा, शाकाहारी, आडवे पळून दाखवत होते की आता ती कशी पळेल. मग काशीरामांनी जाळी खालून घातली, उचलली, आणि मरळ, काळी, जाड, दंडाएवढी, जाळीत धडपडू लागली. तिनं मुंडी झटकून पत्ती शेवटी भिरकावून दिलीच. पत्ती काशीरामांच्या पँटीत, गुडघ्याच्या वर, तीन काट्यांनिशी रुतली.

"आला!" काशीराम ओरडले. "ऱ्हायला तुमच्याकडं मासा! आता दोरा सोडा, पँटीत गळ गेला."

नानासाहेबांनी दोरा सोडला नाही.

"सैल सोडा हो."

"ताण सोडायचा नाही, तुम्हीच म्हणाला होतात."

"अवो, मासा जाळीत आला!"

"मासा आला. लग्नाचं काय?"

काशीरामांनी इकडंतिकडं पाहिलं. "जेवू. मंग बघू..."

नानासाहेबांनी रिळाला अर्धा फेरा दिला. पँट पुढं आली, आणि पँटीमागून काशीरामही एक पाऊल आले.

"बाबा!" वृषाली काठावरून ओरडली. पण थांबा म्हणाली नाही. तिच्या शेजारचा बुद्धघोषही म्हणाला नाही.

"अवो, हो! हो म्हनायलाच आलो ना!" काशीराम एका हातानं जाळी आणि एका हातानं पँट सावरत म्हणाले. "नाय म्हनायला कोन येवढा हायवे तुडवील? फोन नाय का!"

नानासाहेबांची बोटं रिळावरून निघालीच होती. मग त्यांनी काठाकडं पाहिलं. विहीणबाई चपला हातात घेऊन राजेश्वरीबाईंशेजारी उभ्या होत्या. त्यांचा होकार अजून आला नव्हता.

"ताई," नानासाहेबांनी विचारलं, "तुमचं?"

विहीणबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं, चिखलात गेलेल्या नव्या बुटांकडं पाहिलं, मरळीकडं पाहिलं.

"ह्यांना जरा असंच धरून ठेवा," त्या म्हणाल्या. "तवर मी माझ्या सुनेशी बोलते."